सांगलीत सोसायटीतला फ्लॅट भाड्यानं घेताना: आधी पाणी विचारा, गेट नंतर

सांगली-मिरजेत भाड्याचं घर शोधत येणाऱ्यांची कारणं ठरलेली असतात. बँकेतली किंवा सरकारी खात्यातली बदली, मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मिळालेली जागा, वालचंद किंवा विलिंग्डन कॉलेजला लागलेला मुलीचा नंबर, नाहीतर कुपवाड एमआयडीसीतली नोकरी. पुण्या-मुंबईहून येणारा माणूस पहिल्याच फोनवर विचारतो, "गेटेड सोसायटी आहे का?" त्याच्या डोळ्यांपुढं क्लबहाउस असतं, पोहण्याचा तलाव असतो, गेटवर ॲपमध्ये नोंद करणारे गणवेशातले गार्ड असतात. अशी मोठी संकुलं इथंही आता झाली आहेत, पण त्यांची भाडीही तशीच आहेत. परवडणाऱ्या भाड्यात 'गेटेड' म्हणून जे मिळतं ते साधारण असं: चार-पाच मजल्यांची एक नाहीतर दोन बिल्डिंगा, भोवती कंपाउंड, सरकतं लोखंडी गेट, पार्किंगमध्ये दोन-तीन कॅमेरे आणि पार्किंगच्याच कोपऱ्यातल्या खोलीत बायकामुलांसह राहणारा वॉचमन. कुटुंबाला सुरक्षित वाटायला एवढं पुरतं. पण गेटकडं वळण्याआधी इथं दुसरंच काही विचारायचं असतं.

किती फुटाला पाणी येतं?

सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्याआधी २००५ मध्ये आणि नंतर जुलै २०२१ मध्येही शहरात मोठा पूर आला. पावसाळ्यात कोयना धरणातून विसर्ग वाढला की चहाच्या टपरीपासून कलेक्टर ऑफिसपर्यंत एकच प्रश्न फिरत असतो, "किती फूट झालं?" जुन्या सांगलीकराला आपल्या गल्लीचा आकडा पाठ असतो. अमुक फुटाला पाणी कोपऱ्यावर येतं, तमुक फुटाला पायरीला लागतं, त्यापुढं गेलं की सामान माळ्यावर.

म्हणून घर बघायला गेल्यावर "इथं पूर येतो का?" असं विचारू नका. त्यावर "छे हो, काही नाही" हेच उत्तर मिळतं. "तुमच्याकडं किती फुटाला पाणी येतं?" असं विचारा. समोरच्याला कळतं की हा माणूस चौकशी करून आलाय, आणि उत्तर आकड्यात मिळतं. हा प्रश्न एजंटला विचारून भागत नाही. समोरच्या किराणा दुकानदाराला, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला, पलीकडच्या बंगल्यातल्या आजींना विचारा. एका बिल्डिंगमध्ये ओनर सांगत होते की २०१९ ला पाणी गेटपर्यंतसुद्धा आलं नव्हतं. तेवढ्यात कचऱ्याची बादली घेऊन खाली आलेल्या मावशी जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "हितपतुर हुतं की. चपला वर नेल्या हुत्या आमी." ओनर मग पार्किंगची फरशी किती चांगली आहे ते सांगायला लागले.

नदीजवळचे आणि सखल भाग शहरात सगळ्यांना माहीत आहेत. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड या बाजूला पाणी आधी शिरतं. २०१९ ला गावभाग, हरभट रोड, मारुती रोड, एसटी स्टँडचा परिसर असा शहराचा मोठा भाग पाण्यात होता. सांगलीवाडी नदीच्या पलीकडं आहे, त्यामुळं पूर आला की तिथून शहरात येण्याचाच प्रश्न उभा राहतो. शामरावनगरचं दुखणं थोडं वेगळं आहे. तिथं जमीन काळी आणि सखल, त्यामुळं नदी पात्रात असतानाही नुसत्या पावसाचं पाणी साचून राहतं. तिथले फ्लॅट तुलनेनं स्वस्त का मिळतात, याचं निम्मं उत्तर त्यात आहे. घेऊच नका असं माझं म्हणणं नाही, तिथं हजारो लोक सुखानं राहतात. पण तिथलं घर एप्रिलमध्ये बघून ठरवू नका. जुलैत, दोन दिवस सलग पाऊस लागल्यावर, रस्त्यावरून चालत जाऊन बघा.

"आपण तर तिसऱ्या मजल्यावर आहोत, आपल्याला काय!" हे वाक्य बाहेरून आलेल्यांच्या तोंडी हमखास येतं. घरात पाणी येणार नाही हे खरं. पण लाइटचे मीटर तळमजल्यावर असतात. ते पाण्यात गेले की वीज तोडावी लागते, वीज गेली की पाण्याची मोटर बंद, लिफ्ट बंद, आणि टाकीतलं पाणी संपलं की तिसरा मजला आणि पहिला मजला यांत फरक उरत नाही. गाडी पार्किंगमध्ये असते ती वेगळीच. त्यामुळं बिल्डिंग बघताना मान वर करण्याआधी खाली बघा. मीटरची पेटी छातीच्या उंचीला आहे की डोक्याच्या वर? मोटर आणि बोअरचं पॅनल खड्ड्यात आहे की ओट्यावर? पार्किंगच्या खांबांना कमरेपर्यंतच वेगळा, ताजा रंग दिलाय का? वॉचमनच्या खोलीचं दार खालून फुगून सोललंय का? प्लायवुडचं दार पाण्यात राहिलं की ते लपत नाही. पुराचा अनुभव घेतलेल्या काही सोसायट्यांनी मीटर वर चढवून घेतले आहेत. अशी सोसायटी दिसली तर तिथली माणसं जागरूक आहेत असं समजायला हरकत नाही.

जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा तुम्ही ऐकल्या असतील. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. विकत घेणाऱ्यानं ते नकाशे जरूर बघावेत. भाडेकरूला मावशींची चौथी पायरी जास्त उपयोगी पडते.

कोणता भाग कोणासाठी

सांगली, मिरज आणि कुपवाड या तिन्ही शहरांची मिळून १९९८ पासून एकच महानगरपालिका आहे, त्यामुळं कागदावर सगळं एक शहर. राहायला मात्र तिन्हींचा बाज निराळा. आधी रोज कुठं जायचंय ते ठरवा आणि त्या जागेपासून सुरुवात करा.

विश्रामबाग सगळ्यांनाच हवं असतं. वालचंद, विलिंग्डन, दवाखाने, दुकानं, स्वतःचं रेल्वे स्टेशन, आणि नदीपासून लांब. सोसायट्याही इथं जास्त आणि भाडंही जास्त. शंभर फुटी रोडवर बिल्डिंगा भरपूर आहेत, पण या रस्त्याचं विश्रामबागकडचं टोक आणि कोल्हापूर रोडकडचं टोक पाण्याच्या हिशेबात सारखं नाही. जाहिरातीत दोन्हीकडं 'शंभर फुटी' एवढंच लिहिलेलं असतं, तेव्हा जवळची खूण विचारून घ्या. धामणी रोडला नवी बांधकामं आहेत.

नवरा सांगलीत आणि बायको मिरजेत कामाला, अशी जोडपी इथं पुष्कळ. त्यांच्यासाठी विजयनगर आणि वानलेसवाडी बरं. कलेक्टर ऑफिस आणि जिल्हा न्यायालय विजयनगरला आहे, त्यामुळं सांगली-मिरज रस्त्यावर दिवसभर वडाप (शेअर रिक्षा-जीप) आणि बस मिळते. मिरज मेडिकल किंवा तिथल्या एखाद्या हॉस्पिटलला ज्यांची रात्रपाळी असते त्यांनी मात्र मिरजेतच बघावं. पंढरपूर रोडच्या बाजूला कॉलेजजवळ निवासी डॉक्टरांना द्यायची सवय असलेले ओनर भेटतात, त्यांना तुमच्या वेळा समजावून सांगाव्या लागत नाहीत. मिरजेतही कृष्णाघाटाकडं जाल तसा तो फुटाचा प्रश्न विचारायचाच.

बजेट कमी असेल तर कुपवाड रोड, संजयनगर, वारणाली या बाजूला फिरा. एमआयडीसीत नोकरी असेल तर हे सोयीचंच. माधवनगर आणि बुधगाव महापालिकेच्या बाहेर, ग्रामपंचायतीत येतात. भाडं कमी, मोकळीक जास्त, पण रात्री उशिरा परतायला स्वतःची गाडी हवी.

आणि एक पर्याय, जो बाहेरून येणारे विचारातच घेत नाहीत: बंगल्याचा वरचा मजला. सांगलीत प्लॉटवर बंगला बांधून वरचा मजला भाड्यानं देण्याची जुनी पद्धत आहे. गेट असतं, कंपाउंड असतं, खाली घरमालक असतात, मेंटेनन्स नसतो. तुम्हाला गेटेड सोसायटी फक्त सुरक्षिततेसाठी हवी असेल तर हे स्वस्त पडतं. रात्री किती वाजता आलात, हे घरमालकीणबाईंना कळणारच, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

शोधायचं कुठं

मोबाइलवरच्या साइटी बघा, पण भाडं किती चाललंय याचा अंदाज घेण्यापुरत्या. तिथले निम्मे फ्लॅट कधीच गेलेले असतात. इथं अजूनही बाल्कनीला लावलेली 'फ्लॅट भाड्याने देणे आहे' ही पाटी, वर्तमानपत्रांच्या सांगली आवृत्तीतल्या छोट्या जाहिराती आणि माणसांच्या ओळखी यांवरच जास्त व्यवहार होतात. ज्या दोन-तीन गल्ल्या आवडल्या तिथं संध्याकाळी गाडी लावून पायी फिरा. वॉचमनला विचारा. त्याला रिकामे फ्लॅटच काय, कोण कधी सोडणार आहे तेही माहीत असतं. ऑफिसमध्ये बदलून जाणाऱ्या माणसाचा फ्लॅट मिळाला तर सगळ्यात उत्तम: एजंट नाही, ओनर कसा आहे ते आधीच कळतं आणि पडदे-गीझर स्वस्तात मिळून जातात.

एजंट घेतलात तर पहिल्याच दिवशी विचारा, किती घेणार आणि कधी घेणार. साधारण एका महिन्याचं भाडं मागतात. बोलून कमी होतं. पैसे करार झाल्यावर द्यायचे, घर दाखवण्याचे नाही.

वेळेचंही गणित आहे. जून ते ऑगस्ट कॉलेजांच्या प्रवेशाचा हंगाम, तेव्हा विश्रामबाग आणि मिरजेत ओनर भाव खातात. घाई नसेल तर दिवाळीनंतर बघा, घासाघीस जमते.

फसवणुकीचा एक ठरलेला नमुना सगळीकडं चालतो, इथंही. मोठा फ्लॅट, भाडं निम्मं, फोटो चकाचक, आणि ओनर म्हणे सैन्यात आहे, पोस्टिंग लांब आहे, चावी सोसायटीच्या ऑफिसात आहे, फक्त गेटपाससाठी थोडे पैसे ऑनलाइन पाठवा. घर आतून न बघता आणि माणसाला न भेटता एक रुपयाही पाठवायचा नाही. खरोखरच पुण्यात किंवा परदेशात राहणारे ओनर इथं भरपूर आहेत, त्यांची चावी मेव्हण्याकडं नाहीतर शेजाऱ्यांकडं असते. तेव्हा व्यवहार करणाऱ्याकडं कुलमुखत्यारपत्र आहे का ते बघा आणि डिपॉझिट ओनरच्याच खात्यावर जमा करा. घरपट्टीची पावती, लाइट बिल आणि खरेदीखताची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला उतारा), यांतलं काहीतरी ओनरच्या नावाचं दाखवायला सांगा. खऱ्या ओनरला त्यात राग येण्यासारखं काही नसतं.

परवडतं म्हणजे काय

नुसतं भाडं बघून तुलना करू नका, महिन्याला खिशातून जाणारा एकूण आकडा काढा. समजा एका फ्लॅटचं भाडं ९,५०० आणि मेंटेनन्स त्यातच. दुसऱ्याचं ८,०००, पण मेंटेनन्स १,२०० वेगळा, उन्हाळ्यात टँकरची वर्गणी वेगळी आणि ऑफिस सहा किलोमीटर लांब. दुसरा फ्लॅट महाग आहे, पण कागदावर तो स्वस्त दिसतो.

मेंटेनन्स कोण भरणार हे आधीच ठरवा आणि त्यात काय येतं ते विचारा: वॉचमनचा पगार, जिन्याची झाडलोट, लिफ्टची देखभाल, पार्किंगमधले दिवे, बोअरच्या मोटरचं लाइट बिल. लिफ्टला जनरेटर किंवा बॅटरीची सोय आहे का, हेही. नोंदणी झालेली सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर फ्लॅट भाड्यानं दिल्याबद्दल ती सभासदाकडून जादा शुल्क घेऊ शकते, पण सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. आणि हे शुल्क ओनरचं देणं आहे. कोणी सेक्रेटरी 'भाडेकरू म्हणून महिन्याला एवढे वेगळे' असं थेट तुम्हाला सांगू लागला तर नम्रपणे ओनरचा नंबर द्या. सांगलीत बऱ्याच बिल्डिंगा मुळात सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या असतात, काही ठिकाणी तर तेही नसतं आणि चार जण मिळून वर्गणीवर कारभार चालवतात. अशा ठिकाणी नियम वहीत नसून चेअरमनच्या तोंडी असतात. तेव्हा चेअरमनना भेटल्याशिवाय टोकन देऊ नका.

बघायला गेल्यावर

एकदा दिवसा आणि एकदा रात्री नऊनंतर जा. दिवसा उजेड, वारा, ओल बघायची. पश्चिमेकडची भिंत आणि बाथरूमच्या मागची भिंत हातानं चाचपा, नव्या रंगाखालचा पोपडा हाताला लागतो. नळ सोडा आणि विचारा, कॉर्पोरेशनचं पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, वर टाकीत चढतं की खालच्या टाकीतच राहतं, आणि बोअरचं पाणी कोणत्या नळाला आहे. गीझरच्या आणि शॉवरच्या तोंडाशी पांढरा थर दिसला तर बोअरचं पाणी जड आहे. स्वयंपाकघरातल्या नळाला कॉर्पोरेशनचं पाणी येत नसेल तर फिल्टरचा खर्च तुमचा.

गेटची परीक्षा रात्रीच होते. रात्री अकराला कुलूप लागतं का? किल्ली कोणाकडं असते? रात्रपाळीवरून पहाटे आलात तर कोण उठून उघडणार? काही ठिकाणी गेट आहे, पण ते कायम उघडं आणि खाली सरकण्याच्या खाचेत माती बसून गवत उगवलेलं. असं गेट फक्त जाहिरातीसाठी असतं. कॅमेरे चालू आहेत का, रेकॉर्डिंग कोण बघतं, हे वॉचमनलाच विचारा. वॉचमन कुटुंबासह राहत असेल तर त्याच्या बायकोशी दोन शब्द बोला. ओनरनं न सांगितलेलं सगळं तिथं कळतं: आधीचा भाडेकरू का गेला, वरच्या मजल्यावरून पाणी गळतं का, कोणाचं कोणाशी पटत नाही.

पार्किंग नेमकं कोणतं, ते बोट दाखवून ठरवून घ्या. "लावा कुठंही" म्हणजे कुठंच नाही.

बोलणी

काही गोष्टी फोनवरच स्पष्ट विचाराव्यात, उगाच फेरी पडत नाही. नॉनव्हेज चालतं का, बॅचलर चालतात का, कुत्रं चालतं का, आई-वडील महिनाभर राहायला आले तर चालेल का. 'फक्त शाकाहारी' ही पाटी इथंही दिसते. आणि आडनाव विचारून मग "आत्ताच दुसऱ्यांना दिला हो" म्हणणारे ओनरही भेटतात. त्यावर वाद घालून घर मिळत नाही हा अनुभव आहे, आणि असल्या ओनरच्या घरात राहून मनस्ताप घ्यावा असंही मला वाटत नाही. पुढची पाटी बघावी. बदलीवर आलेल्यांनी ऑफिसचं ओळखपत्र आणि नेमणुकीचं पत्र सोबत ठेवावं, सरकारी किंवा बँकेतला पगारदार भाडेकरू इथल्या ओनरना फार आवडतो. भाडं पाचशेनं कमी करून घ्यायला तेवढं भांडवल पुरतं.

डिपॉझिट किती, यापेक्षा परत कसं मिळणार ते महत्त्वाचं. "सोडताना रंगाचे पैसे कापून घेऊ" असं मोघम ऐकू आलं की तिथंच थांबवा आणि विचारा: किती राहिल्यावर किती? वर्षाच्या आत सोडलं तर रंगाचा पूर्ण खर्च आणि दोन वर्षांनी काही नाही, असं काहीतरी आकड्यात ठरू द्या.

करार: नोटरीवर भागवू नका

"अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही, नोटरी करून टाकू." हे तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल, बऱ्याचदा एजंटकडूनच. महाराष्ट्रात हे चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर भाड्यानं देण्याचा, करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की कितीचाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नाही तर अटींबद्दल वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, आणि घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ओनर टाळाटाळ करत असेल तर हे कलम त्यांना शांतपणे सांगा. भाडेकरूपेक्षा त्यांचंच नुकसान जास्त आहे हे लक्षात आलं की बहुतेक जण तयार होतात.

खर्चाची भीती दाखवतात तेवढा तो नाही. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का. समजा भाडं ९,०००, मुदत अकरा महिने, डिपॉझिट ३०,०००. भाडं झालं ९९,०००, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून सुमारे तीन हजार, एकूण लाखाच्या थोडं वर. त्याचा पाव टक्का म्हणजे अडीचशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार, ग्रामपंचायत हद्दीत, म्हणजे बुधगावसारख्या ठिकाणी, पाचशे. उरतो तो करार करून देणाऱ्याचा मेहनताना. आता हे सगळं ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठ्यावर. माणूस यंत्र घेऊन घरी येतो, ओनर पुण्यात असले तर त्यांचा अंगठा तिकडं घेतला जातो. खर्च निम्मा-निम्मा करायची पद्धत आहे, ती बोलून घ्या.

मसुदा छापील असतो, पण वाचा. नोटीस दोन्हीकडून एक महिन्याची हवी. बदलीची नोकरी असेल तर 'पहिले सहा महिने सोडता येणार नाही' ही अट काढून टाका, किंवा बदलीचा आदेश आल्यास ती लागू नाही असं लिहून घ्या. भाडेवाढ किती ते टक्क्यांत. पंखे, ट्यूब, गीझर, कपाटं यांची यादी, डिपॉझिट चावी दिल्यापासून किती दिवसांत परत, हे सगळं त्यातच. मुदत संपल्यावर नवा करार न करता राहू नका, मुदतीनंतर जागा सोडली नाही तर घरमालकाला भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते.

आणि सांगलीसाठी एक कलम मी आवर्जून सुचवीन, जे छापील मसुद्यात कधीच नसतं. पुरामुळं घर राहण्याजोगं राहिलं नाही किंवा वीज-पाणी बंद राहिलं, तर त्या दिवसांचं भाडं घ्यायचं की नाही, आणि गाळ काढण्याचा व वायरिंग दुरुस्तीचा खर्च कोणाचा. दोन ओळींचं काम आहे. विश्रामबागेत असाल तर लागणार नाही. नदीच्या बाजूला घेत असाल तर घालाच, आणि ओनर ते घालायला नको म्हणाले तर तुमच्या फुटाच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथंच मिळालं.

भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यायची असते, ती ओनर देतात. ऑनलाइनही होते. एक प्रत आपल्याकडं ठेवा.

राहायला जाताना

सामान चढवण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, भिंतींवरचे डाग, फुटकी फरशी, न लागणारी कडी सगळं त्यात येऊ द्या आणि तो त्याच दिवशी ओनरला व्हॉट्सॲपवर पाठवा. महावितरणच्या मीटरचा फोटो घ्या, बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून जुनी थकबाकी आहे का ते मोबाइलवरच बघा. थकबाकी ओनरनं भरल्यावरच चावी घ्या. मीटर तुमच्याच फ्लॅटचा आहे याची खात्री करायला घरातला मुख्य स्विच बंद करून कोणाला तरी खाली मीटरजवळ उभं करा. मीटरांवरची नावं पुसलेली असतात आणि शेजाऱ्याचं बिल भरणारे भाडेकरू मी पाहिलेत.

नोंदणीकृत कराराची प्रत गॅस बदलून घ्यायला, बँकेत पत्ता बदलायला, मुलांच्या शाळेत सगळीकडं लागते, चार झेरॉक्स काढून ठेवा. नोकरदारांनी आणखी एक करावं. जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सूट घेणार असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल तर ऑफिसला घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. तो करारातच घालून घ्या. मार्च महिन्यात मागायला गेलं की ओनर फोन उचलत नाहीत.